कोनादूचा डावा हात

कोनादू बोलायला उभी राहिली की समोरच्या संघाचं धाबं दणाणायचं. शाळेच्या वादविवाद संघाची ती कप्तान, त्यात मुलींची प्रमुख. वसतिगृहाच्या नळाला गढूळ पाणी यायला लागलं, तेव्हा तिने मुलींना कामाला जुंपून वाळू-कोळशाची गाळणी उभी केली आणि पहिला पेला मुख्याध्यापिकाबाईंनाच प्यायला लावला. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला होता, विद्यापीठात जाऊन पाण्याचं शास्त्र शिकायचं.

पण शाळा वेगळी आणि घराणं वेगळं. असांते जमातीत पोर आईच्या घराण्याची मानतात, आणि त्या घराण्याचे प्रमुख नाना बोआहेन यांनी ठरवून टाकलं होतं की पोरीने जवळच राहून नर्सिंग करावं. त्यांच्या आशीर्वादाशिवाय गाव सोडणं तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

शनिवारी याच विषयावर घराण्याची बैठक बसली. नानांशी थेट बोलायचं नाही, ही रीत. बोलायचं ते नानांचे मध्यस्थ अमेयाव मामांशी. नाना हातभर अंतरावर बसून सगळं ऐकत असले तरी मामांनी तेच सजवून पुन्हा नानांना सांगायचं. मामांची जीभ अशी गोड की भांडणाऱ्यांनाही आपलं भांडण ऐकत राहावंसं वाटे.

"मामा, नानांना सांगा," कोनादूने धीम्या आवाजात सुरुवात केली. पण विषय गावच्या नदीवर आला आणि ती पेटली. सोनं खणणाऱ्यांनी नदीचा पार चिखल केला होता. बोलता बोलता, व्यासपीठावर उठायचा तसा तिचा डावा हात उठला तो थेट नानांच्या तोंडासमोर.

"हात खाली घे, मेले!" आई ओरडली.

थोरांपुढे डावा हात नाचवणं म्हणजे शिवी देण्यासारखंच. नानांनी तोंड फिरवलं. सगळं आपल्याच हाताने घालवलं, असं कोनादूला वाटलं.

मामा घसा खाकरून म्हणाले, "नाना, पोरगी म्हणते, ज्यांनी आपली नदी नासवली त्यांना हा डावा हात. तुमच्यासाठी उजवा राखून ठेवलाय."

"अमेयाव, ती असलं काही म्हणाली नाही. माझे गुडघे गेलेत, कान नाहीत."

"म्हणणारच होती, नाना. आईने मध्येच ओरडून घोटाळा केला."

मागे बसलेल्या बायका खुसूखुसू हसल्या. कोनादूने गुडघे टेकून माफी मागितली. नाना अजून घुश्शातच होते.

"विचार तिला, शिकून मोठी झाली की परत येणार का? की राजधानीत, आक्राला एसीत बसून आमच्या नदीचे फोटो बघणार?"

"मामा," कोनादू म्हणाली, "नदी पुन्हा पिण्याजोगी होईल, असं वचन मला देता येत नाही. तेवढं मला अजून कळतच नाही. पण शिकून येईन ती इथेच. नानांना या वयात माझी गरज आहे हे कळतं, म्हणून मागताना लाज वाटते. तरी मला हेच शिकायचंय."

मामा नानांकडे वळले. "नाना, यात मी काही घालत नाही. ऐकलंत तसंच आहे."

नाना म्हणाले, "मला आईने त्याच नदीत पोहायला शिकवलं होतं." त्यांनी दारूची बाटली मागवली, पूर्वजांची नावं घेत थेंब जमिनीवर सोडले आणि शेवटी कोनादूचं नाव घेऊन तिला सांभाळा म्हणाले. आशीर्वाद मिळाला होता. आई झग्याच्या बाहीने डोळे पुसत होती.

दुसऱ्या सकाळी रिवाजाप्रमाणे कोनादू आभार मानायला गेली. तिचे चार शब्द मामांनी असे सजवले की नानाही लाजले.

अंगणात आल्यावर ती मामांकडे वळली. आता मध्ये कोणी नव्हतं.

"बोला, कप्तान," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही नसता तर..." पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणारे मामा या वेळी गप्प राहिले. तिचा डावा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिला पोटभर रडू दिलं.