आत्मारामची सुनावणी

"मी येतंय तुमच्यासंगाती," सुगंधा म्हणाली. आत्माराम चपला शोधत राहिला. तेव्हा ती त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तेच मोठ्याने म्हणाली. तो भडकला.

"कशाला? मी काय पोर हाय? बायकोचा पदर धरून कचेरीत जाऊ?"

"साहेब काय बोलंल ता समजंल तुमाला?"

"समदा समजतं!" म्हणून त्याने दार आपटलं. दार किती जोरात आपटलं, हेही त्याला कळलं नाही.

भाईंदरच्या खाडीत आत्मारामने उभा जन्म डुबी मारून रेती काढली होती. तळाशी रोवलेला बांबू धरून खाली जायचं, पाण्यातच बादली भरायची, दम संपायच्या आत वर यायचं. पाण्याच्या दाबाने एक कान तरुणपणीच फुटला, दुसराही हळूहळू गेला. समोर उभं राहून कुणी मोठ्याने बोललं आणि त्याचे ओठ दिसले, तरच आत्मारामला समजायचं. पण हे त्याने गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. बहिऱ्याला होडीत कोण घेईल, ही एकच धास्ती. चारचौघं हसले की हाही हसायचा. एकदा शेजारी आपली म्हातारी गेल्याचं सांगत होता, तेव्हाही हसला होता. होडीवरची पोरं त्याला बांबूच्या टोकाने खांद्यावर टोचायची, त्यावरून तो त्यांचा बाप काढायचा. मस्ती आलीय कार्ट्यांना, असं त्याचं मत.

आणि अशा माणसाला सरकारने सुनावणीला बोलावलं होतं. सरकारला असले विनोद बरे सुचतात.

भानगड रेतीच्या गटाची होती. खाडीतला एक तुकडा आत्मारामच्या नावावर, हाताने रेती काढण्याचा परवाना, बापापासून चालत आलेला. मीरा रोडला इमारतींवर इमारती चढत होत्या आणि रेतीला सोन्याचा भाव आला होता. तेव्हा शशिकांतने हरकत घेतली: तिथे आता डुबी मारणारं कुणी उरलेलं नाही, गट लिलावात काढा. लिलावात तो कुणाच्या घशात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शशिकांतकडे रेती ओढणारा पंप होता. एके काळी हाच शशिकांत आत्मारामबरोबर एकाच होडीवर होता. आत्मारामच्या कानातून पहिल्यांदा रक्त आलं, तेव्हा स्वतःच्या गमछ्याने ते पुसलं होतं ह्याच हरामखोराने.

ठाण्याच्या कचेरीत आत्माराम व्हरांड्यातल्या बाकावर बसला. बसल्या बसल्या त्याने दारातल्या शिपायाच्या तोंडावर नजर रोवली. शिपाई तोंड उघडायचा, कुणीतरी उठून आत जायचं. आपलं नाव आलं की ओठांवरून कळेल, असा त्याचा हिशोब. तो चुकीचाही नव्हता.

मग शशिकांत आला. शेजारी टेकला, चहाचा ग्लास हातात दिला आणि आत्मारामचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"भांडन काय जनमभराचा हाय काय?" तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. "तुझा पोरगा माझ्या पोरासारखा. पंपावर लावतो त्याला. बोल."

आत्माराम चकित होऊन त्याच्या ओठांकडे बघत राहिला. इतकं स्पष्ट त्याच्याशी कुणी बोलत नसे. शशिकांत होडीच्या आठवणी काढत होता, हसत होता. मध्येच तो उठला, "आलोच," म्हणाला आणि साहेबांच्या खोलीत शिरला. आत्मारामने चहा संपवला. शशिकांत बाहेर येईना, शिपाई तर दुसरीच फाइल काढायला लागलेला. आपलं नाव पुकारून झालं, हे तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात आलं. तो तसाच आत घुसला.

"मी हितंच होतो साहेब! माझा नाव आला न्हाय!"

"तीनदा पुकारा केला," शिपाई म्हणाला. "हा बाकावर बसून चहा ढोसत होता."

साहेबांनी त्रासिक तोंड वर केलं. कामाच्या रगाड्यात ही आणखी एक कटकट. "बाहेर बसून होतात, मग आला का नाहीत? ऐकू येत नाही का तुम्हाला? तसं असेल तर सांगा, आत्ता घेतो तुमचं म्हणणं. नाहीतर गैरहजर म्हणून निकाल देतो."

हे त्याला नीट कळलं. साहेब समोर होते आणि ओरडून बोलत होते. खोलीत आणखी माणसं होती, त्यातली दोघं भाईंदरचीच. आणि शशिकांत भिंतीला टेकून गालातल्या गालात हसत होता. एक शब्द बोलायचा होता. आत्मारामच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"माझे कान खनखनीत हायेत," तो गरजला.

"मग गैरहजर," साहेब म्हणाले, आणि त्यांनी खाली मान घालून लिहायला घेतलं. पुढे ते काय बोलले, हे आत्मारामला कधीच समजलं नाही. शिपायाने दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

घरी सुगंधा भाकऱ्या थापत होती. त्याने सगळं सांगितलं. शशिकांतच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, साहेबाला आणि शिपायालाही सोडलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि पिठाचे हात तसेच ठेवून त्याच्यासमोर आली.

"साहेब इचारीत होता, तर सांगायचा ना, ऐकू येत न्हाय म्हनून!"

"आनि गावात काय तोंड दाखवू? पोरा होडीत घेतील मना?"

सुगंधाला हसूही आलं आणि संतापही. "अवो, आख्ख्या गावाला म्हाईत हाय! ती पोरा तुमच्या खांद्याला बांबू लावतात, ता कशाला? बाकीच्यांना नुसती हाक मारतात. त्यांनाच घेऊन गेला असता, तर डुबी अजून चालू हाय म्हनून साक्ष दिली असती त्यांनी!"

आत्मारामचा हात खांद्याकडे गेला. त्याने त्या पोरांना दिलेल्या सगळ्या शिव्या त्याला आठवल्या. बापाचा गट गेला होता, आणि तो कुणापासूनच न लपलेली गोष्ट लपवण्यापायी.

सुगंधा अजून बोलत होती. तिचं खरं होतं, म्हणूनच त्याला ते सोसेना. तो भिंतीकडे तोंड करून बसला, आणि तिचं बोलणं बंद झालं.