सगळं खरं, एक नवरी खोटी

आमचे हे मास्तर. शाळेत पोरांना जेवढं शिकवायचे, त्याच्या दुप्पट गावाला शिकवायची ह्यांना हौस. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या चैत्रात बेंबळीच्या जत्रेला नाटक बसवायचं ठरलं आणि ह्यांनी निवडलं ते म्हाताऱ्या नवऱ्याचं जुनं नाटक. ते कुणाला माहीत नव्हतं? पिकल्या मिश्यांचा एक बिजवर कोवळी नवरी शोधत हिंडतो. गावची टवाळ पोरं पदराखाली मिशीवाला गडी उभा करतात. अंतरपाट सरतो, पदर वर होतो, म्हातारा धोतर सावरत पळतो आणि लोक पोट धरून हसतात. निजामाच्या वेळेपासून आमच्या भागात ते होत आलेलं.

"ह्या टायमाला म्हातारा पळणार न्हाय," हे जेवताना म्हणाले. "शेवट बदलायचा. पदराखाली गडी न्हाय, इधवा. त्याच्या जोडीची. आन् त्यो तिला पत्करतो. भर मांडवात, मंगलाष्टकं म्हणून. लोक हसायला येतील आन् इचार करत घरी जातील."

माझी तव्यावरची भाकरी करपली. कारण माझ्या शेजारी पीठ मळत बसली होती ती माझी नणंद द्वारका, ह्यांची सख्खी धाकटी बहीण, आणि ती विधवा होती.

द्वारकाचं लग्न झालं तेव्हा ती सात वर्षांची. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा ती मामाच्या खांद्यावर झोपलेली. पंधराव्या वर्षी नवरा पटकीनं गेला आणि ती आमच्याकडं आली ती आलीच. दोन वर्षांमागं गावातल्याच हिंमतरावानं रीतसर माणूस धाडून तिला मागणी घातली होती. त्याची बायको वारलेली, पोरबाळ नाही, मळा चांगला, माणूस सरळ. आमच्यात विधवेचा पाट लागतो, मनाई नाही. पण लागतो तो अंधारात. मागल्या दारी, दिवा मालवून, चार पुरुष माणसं जमवून. ना भटजी, ना मंगलाष्टकं, ना अक्षता. सवाष्णीनं तर तिकडं बघायचंसुद्धा नाही. एवढ्याला हे तयार होते. द्वारका नव्हती.

"चोरी केल्यावानी अंधारात का उभी ऱ्हाऊ?" ती म्हणाली होती. "लागंल तर उजेडात लागंल, चार लोकांत. न्हायतर मी हाय तशी बरी."

उजेडात लावलं तर भावकी पाणी बंद करील, असं म्हणून ह्यांनी विषय मिटवला. हिंमतरावानं पुन्हा विचारलं नाही, पण दुसरी पोरगीही बघितली नाही. आणि आता हे माझ्याच चुलीपुढं बसून विधवेची मंगलाष्टकं लावत होते!

"अवो, मग घरातल्या इधवेचं काय?" मी विचारलं.

ह्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि चांगलं अर्धं पाणी संपवून म्हणाले, "नाटक नाटकाच्या जागी, घर घराच्या जागी."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! द्वारकानं पीठ मात्र एवढं मळलं की त्याचं लोणी झालं.

खरा धक्का बसला तो पात्रं ठरवताना. ह्यांचं नवं खूळ असं, की सोंग नको, खरं हवं. बिजवराचं काम खऱ्या बिजवरानं करायचं. म्हणून हे गेले कुणाकडं? तर हिंमतरावाकडं! ज्याला आपण बहीण द्यायची टाळली, त्याच्याकडं जाऊन, तू आमच्या नाटकात नवरा हो, असं सांगायला ह्या माणसाला काहीच वाटलं नाही. मी कपाळाला हात लावला. तो हाकलून देईल असं मला वाटलं होतं. त्यानं ऐकून घेतलं, थोडा वेळ पागोट्याचा पदर चाळवला आणि विचारलं, "तालमी कुठं?"

"आमच्या अंगणात."

"येतो," तो म्हणाला.

भटजीच्या कामाला गावचे जोशीबुवा. "नाटकात मंत्र म्हणणार नाही," म्हणून ते आधी अडून बसले. जत्रेला आठ गावचे लोक येतील आणि सगळ्यांना तुमचा आवाज ऐकू जाईल म्हटल्यावर विरघळले. पण त्यांनीही अट घातली, की म्हणेन तर सगळं म्हणेन आणि मुहूर्त बघूनच म्हणेन. ह्यांना आनंदच झाला. वाजंत्री खरी, बाशिंग खरं, बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खऱ्या अक्षता. नवरीच्या भावाचं काम ह्यांनी स्वतःकडं ठेवलं.

"सगळं खरं," हे मिशीला पीळ देत म्हणाले, "एक नवरी तेवढी खोटी."

ती नवरी म्हणजे नबीलाल शिंपी. जुन्या नाटकात मिशीसकट नवरी होऊन त्यानं चार जत्रा गाजवल्या होत्या. आता ती खरी विधवा वाटायला हवी म्हणून हे मिशी काढ म्हणाले, तर तो माझ्याकडं फिर्याद घेऊन आला.

"भाभी, मास्तरकू समजाव. मूंछ नै काढता मैं. घरवाली पहचानेगी नै!"

शेवटी तोड निघाली. नवरीचा पदर हनुवटीपर्यंत राहील, तो वर करायचाच नाही, आणि हिंमतराव तिला तशीच पत्करून पानभर भाषण करील. मी ह्यांना ऐकवलं, "नबीलालला भटजी, नबीलालला अक्षता, नबीलालला वाजंत्री. आन् आपल्या द्वारकाला मागलं दार?" त्यावर दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. घरात शांतता होती, मला बरंच वाटलं.

महिनाभर तालमी चालल्या. द्वारका ओसरीवर शेंगा फोडत बसायची, मनगटावरचं तुळशीचं गोंदण तेवढं हलताना दिसायचं. हिंमतराव यायचा, आपलं काम करायचा, पाणीसुद्धा न मागता जायचा. दोघं एकमेकांकडं बघताना मी कधी पाहिली नाहीत, आणि बघायला मी टपलेलीच होते!

जत्रेच्या दिवशी देवळापुढं मांडव उभा राहिला. द्वारका म्हणाली, "वहिनी, माझं डोस्कं उठलंय, मी घरीच ऱ्हाते." मला तिचं दुखणं कळलं. मी आग्रह केला नाही. दिवेलागणीला गॅसबत्त्या लागल्या आणि नाटक सुरू झालं. मी बायकांत अगदी कडेला बसले होते, रंगमंचाच्या बाजूच्या कनातीआडचं मला सगळं दिसत होतं.

लोक पहिल्यापासून हसत होते. शेवट बदललाय हे कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे मिशीवाल्या नवरीची वाट बघत होते. वाजंत्री वाजली. नवरी आली. नाटकाच्या पेटीतला तोच जुना जरतारी शालू, हनुवटीपर्यंत पदर. पुरुषांतून शिट्ट्या पडल्या, "नबीलाल, दमानं चाल रं!" ह्यांचे चुलते कोंडीरामतात्या, भावकीतले सगळ्यात थोरले, तेसुद्धा गुडघ्यावर थापा मारून हसत होते. मध्ये अंतरपाट धरला गेला. त्याचं एक टोक तेली महांतप्पाकडं, दुसरं ह्यांच्याकडं. पलीकडं बाशिंग बांधलेला हिंमतराव. जोशीबुवांनी गळा साफ केला आणि पहिलं मंगलाष्टक असं उचललं की सगळा मांडव गप्प झाला.

दुसरं मंगलाष्टक चालू असताना माझी नजर सहज कनातीकडं गेली. तिथं नबीलाल उभा होता. लेंगा, सदरा, मिशी, सगळं जागच्या जागी. हातात भजी होती.

मी रंगमंचाकडं बघितलं. नवरी उभी होती. मी पुन्हा नबीलालकडं बघितलं. त्यानं मला पाहिलं आणि भज्याचा हात तसाच ओठांवर ठेवला.

एवढं मोठं गाव, आठ गावचे पाहुणे, आणि कळलेली बायकांत मी एकटी! ओरडले असते तर सगळं तिथंच थांबलं असतं. सवाष्णीनं बघायचंही नाही म्हणतात, आणि मी मुठीत अक्षता घेऊन बसले होते. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? उद्या पाणी बंद होईल, ह्यांची नोकरीतली पत जाईल, माझ्या लेकी उजवायच्या आहेत, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात ह्यांनी नवरीच्या हाताकडं पाहिलं. मनगटावरचं तुळशीचं गोंदण पदराबाहेर आलं होतं. ह्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं हा माणूस आता खाली बसतो. अंतरपाट मात्र सुटला नाही. लोकांना वाटलं, मास्तर काय झकास काम करतोय!

"शुभमंगल सावधान!" जोशीबुवा गरजले.

मांडवातून अक्षतांचा पाऊस पडला. तात्यांनी तर हसत हसत दोन मुठी टाकल्या. मीही टाकल्या.

वाजंत्री थांबली. अंतरपाट सरला. आता हिंमतरावानं भाषण सुरू करायचं. पण नवरीनं स्वतःच दोन्ही हातांनी पदर वर केला आणि गॅसबत्तीच्या उजेडात तोंड गावाकडं केलं.

"पडला का उजेड समद्यांवर?" द्वारकानं विचारलं.

हसणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. माझ्या शेजारच्या म्हातारीनं डोळ्यांवर पदर ओढला आणि लगेच थोडासा बाजूला केला. हिंमतरावाला यातलं काही ठाऊक नसावं, कारण त्याचं बाशिंग थडथड उडत होतं. कोंडीरामतात्या उठले. "मास्तर! ही काय थट्टा लावलीस? हे लगीन न्हाय, नाटक हाय!"

द्वारका जोशीबुवांकडं वळली. "बुवा, तुमी म्हणलेलं खरं का खोटं?"

बुवांच्या कपाळावर घाम. खोटं म्हणावं, तर आठ गावांपुढं आपल्याच तोंडानं आपली विद्या खोटी पाडायची. "मंत्र कधी खोटे असतात का गं?" ते कसेबसे म्हणाले.

"आन् मुहूर्त?"

"तोही बघितलेला."

"मुहूर्त असंल!" तात्या ओरडले. "आमी अक्षता टाकल्या त्या नबीलालवर टाकल्या!"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तात्या, पडल्या कुणावर ते बघा की!" ह्यांच्या चुलत्याला मी आजवर वर मान करून उत्तर दिलं नव्हतं. सगळी मांडवभर माणसं आपापल्या तळहातांकडं बघायला लागली.

द्वारका हिंमतरावापुढं उभी राहिली. "तुमाला इचारलं न्हाय. इचारलं असतं तर तुमी भ्याला असता. न्हाय म्हणायचं तर आत्ता म्हणा, मी घरी जाते."

त्याला भाषण पाठ होतं, सबंध पानभर. त्यातला एक शब्द त्याला आठवला नाही. "व्हय," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "व्हय, मला कबूल हाय."

"पडदा!" हे एकदम किंचाळले. "पडदा पाडा!"

पडदा पडला. पण ती दोघं होती पुढं, लोकांच्या बाजूला, आणि हे मागं सरकलेले. पडद्यामागं हे एकटेच राहिले. लोक उठेनात, बोलेनात. नवरा-नवरी उजेडात उभी, आणि पाठीशी घरचं माणूस कुणी नाही. आता तात्या काही बोलले असते तर भावकी तात्यांमागं गेली असती.

मी उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. बारा वर्षं ह्यांचा संसार केलाय, टाळी ऐकून हा माणूस पडद्याआड थांबणार नाही हे मला पक्कं ठाऊक. नबीलालनं हातातली भजी टाकून साथ दिली. मग महांतप्पानं, मग बायकांतून एकीनं, मग पाहुण्यांनी, काय चाललंय ते नीट न कळताच. सगळा मांडव टाळ्यांनी भरला.

पडदा हलला. हे बाहेर आले. डोळे लाल, टोपी वाकडी. हात सवयीनं नमस्काराला वर गेले, तोच द्वारका पायांवर वाकली.

हात हवेतच थांबले. तात्या बघत होते, गाव बघत होतं, मी बघत होते. मग एक हात खाली आला आणि तिच्या डोक्यावर टेकला. त्यांनी तिला उठवलं, त्या पेटीतल्या जुन्या शालूकडं पाहिलं, ठिकठिकाणी उसवलेल्या जरीकडं पाहिलं, आणि गावापुढं लेकरासारखे रडायला लागले.

"द्वारके," ते म्हणाले, "अंगावर लुगडं तरी नवं घ्यायचं हुतं गं म्या."