तांबूस धूळ

ताई कपडे शिवायची आणि तिचा भाऊ गोल्फच्या काठ्या घासायचा. दोन्ही कामं एकाच घरात, एका पातळ दाराच्या अल्याडपल्याड चालायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या बंदिस्त गॅलरीत ग्राइंडर. भावाची पन्नाशी उलटली होती, तरी ती त्याला ‘धाकट्या’ अशीच हाक मारायची. बाहेरचे लोक त्याला मास्तर म्हणायचे. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. त्यावरून कुणी छेडलं तर ताई म्हणायची, “आम्ही एकमेकांचं डोकं पुरवून पुरवून खातो. तिसऱ्याला वाढायला उरत नाही.”

मास्तर दिवसा गोल्फच्या मैदानावरच्या दुरुस्तीच्या खोलीत काठ्यांच्या मुठी बदलायचा. त्याचं आवडीचं काम मात्र घरचं. वाळूच्या खड्ड्यातून किंवा दाट गवतातून चेंडू वर काढायला एक आखूड, जड डोक्याची काठी असते, तिला वेज म्हणतात. तिच्या तळाचा आकार कसा आहे त्यावर ती जमिनीत रुतणार की वरून सरकणार हे ठरतं. कुणी ती दाणकन आपटतो, कुणी नुसती पुसल्यासारखी फिरवतो. मास्तर गिऱ्हाइकाला चार चेंडू मारायला लावायचा, तळ कुठे खरचटलाय ते बघायचा, मार्करनं रेघा ओढायचा, आणि मग टाचेकडून थोडं, मागच्या कडेचं थोडं असं पोलाद उतरवत जायचा. डोकं तापलं की पाण्याच्या बादलीत बुडवायचं, वजन करायचं, डोळ्यासमोर धरून कड निरखायची, पुन्हा ग्राइंडरच्या फिरत्या पट्ट्याला लावायचं. यात तो इतका रमायचा की ताईनं जेवायला तीनदा हाक मारली तरी ऐकू यायची नाही. चौथ्यांदा ती यायची आणि भिंतीवरचं बटणच बंद करायची.

काम झालं की गॅलरी ताईच झाडायची. “तू झाडतोस म्हणजे कचऱ्याला फिरवून आणतोस,” असं तिचं म्हणणं होतं. त्याचा अंगरखाही तीच खिडकीबाहेर झटकून धुवायची.

मैदानावर एक म्हातारे प्रशिक्षक होते. त्यांच्याकडे जुन्या, तांब्याच्या रंगाच्या वेज होत्या. पूर्वी काही डोकी तांब्यात बेरिलियम नावाचा धातू मिसळून ओतत. पुढे ती बंद झाली, पण खेळणाऱ्यांचा जीव त्यांच्यात अडकलेला. पोलादापेक्षा हाताला मऊ लागतात, म्हणायचे. प्रशिक्षक कुठूनकुठून अशा काठ्या शोधून आणायचे आणि तळ नव्यानं करायला मास्तरकडे द्यायचे. पहिली काठी देताना त्यांनी सोबत एक रबरी मुखवटाही दिला, दोन्ही गालांवर गोल डबे असलेला.

“घासताना हा लाव. आणि बाहेर मोकळ्यावर घास. याची धूळ छातीला चांगली नाही म्हणतात.”

“म्हणजे किती वाईट?”

“म्हणतात बाबा. मी काय डॉक्टर आहे?”

पहिल्या काही काठ्या मास्तरनं खरोखरच ग्राइंडर अंगणात नेऊन घासल्या. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली. मग तो पुन्हा गॅलरीत आला, खिडक्या लावून घेतल्या आणि मुखवटा चढवला. ताईनं दारातून डोकावलं आणि पोट धरधरून हसली.

“हत्तीचं पिल्लू दिसतोस! हे काय सोंग?”

“नाकात धूळ जाते.”

“इतकी वर्षं काय अत्तर जात होतं?”

त्यानं ग्राइंडर सुरू केला. उडते तीच धूळ वाईट, खाली बसलेली काय करणार, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी मुखवटा खुंटीला अडकवून तो हातपाय धुवायला गेला, की ताई झाडू घेऊन आत जायची. ती धूळ पोलादाच्या करड्या धुळीसारखी नव्हती. तांबूस, पिठाहून बारीक, उजेडात चमकायची. “आज सोनं सांडलंस की रे,” असं म्हणत ती सुपलीत भरायची.

अशी काही वर्षं गेली. मग ताईला खोकला लागला. कोरडा, किरकोळ वाटणारा, पण जाईना. जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली, आणि थांबलेलं कुणाला कळू नये म्हणून समोरच्या बाईशी काहीबाही बोलायला लागली. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले तशी म्हणाली, “बरंच झालं, स्वतःचे कपडे उसवून शिवायला शिकले.” जवळच्या डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली. थुंकीत काही सापडत नव्हतं, पण छातीच्या फोटोत फुप्फुसं डागाळलेली दिसत होती. औषधांनी तिची भूक गेली, सांधे दुखायला लागले, खोकला तसाच. डॉक्टर तिला विचारायचे, काम काय करता? ती सांगायची, शिवणकाम. ते लिहून घ्यायचे.

शेवटी मोठ्या रुग्णालयातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसाचा एक तुकडा काढून तपासला. त्यात बारीक गाठी होत्या, पण क्षयाच्या नव्हत्या. बाईंनी दोघांना समोर बसवलं.

“तुमचं शिवणकाम कळलं. घरात आणखी कोण काय काम करतं?”

“हा काठ्या घासतो,” ताई म्हणाली. “गोल्फच्या. फार नाव आहे त्याचं.”

“कसल्या धातूच्या?”

“पोलाद,” मास्तर म्हणाला. बाई बघत राहिल्या. “आणि काही तांब्याच्या. बेरिलियमच्या.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश, शब्द न चुकवता सांगितलं. ती काठी हातात धरली किंवा तिच्यानं खेळलं तर काही होत नाही. पण ती घासली की जी धूळ होते ती श्वासातून आत गेली, तर काही माणसांचं शरीर तिच्यावर उलटतं. सगळ्यांचं नाही. एकाच घरात एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याची फुप्फुसं हळूहळू आवळत जातात. रक्ताची तपासणी करू. बरं होण्याचं औषध नाही, पण वेग कमी करता येतो.

“तुम्हाला माहीत होतं का?” त्यांनी मास्तरला विचारलं.

“नाही,” मास्तर म्हणाला.

रक्ताच्या तपासणीत बाईंचा अंदाज खरा ठरला. मास्तरचीही तपासणी केली. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

घरी येऊन ताई खुर्चीत बसली. बाहेरची चप्पल तिनं अजून काढली नव्हती. मास्तर पाणी घेऊन आला. तिनं पेला घेतला नाही.

“धाकट्या, तू तो मुखवटा का लावायचास?”

त्यानं पेला मशीनवर ठेवला.

“साध्या काठ्या घासताना लावायचा नाहीस. तांबड्या असल्या की लावायचास. मला आत्ता गाडीत आठवलं.”

“त्यांनी दिला होता. प्रशिक्षकांनी. म्हणाले, धूळ बरी नाही.”

“मग डॉक्टरीणबाईंना ‘नाही’ असं का म्हणालास?”

ताई चिडली असती, रडली असती तर त्याला धरायला काही मिळालं असतं. ती फक्त इतकंच म्हणाली, “एक शब्द रे. झाडू नकोस, एवढं म्हणायचं होतंस.”

“मला वाटलं, खाली बसलेली धूळ—”

“स्वतःपुरतं बरोबर सुचलं तुला.”

मग तिला दम लागला आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. खोकला थांबल्यावर तिची नजर समोरच्या दोरीवर गेली. तिथे शिवून झालेले कपडे टांगलेले होते, लहान मुलींचे फ्रॉक, बाळाची दुपटी. ती उठून उभी राहिली.

“हे सगळं इथेच असायचं. दार उघडं असायचं.”

मास्तरनं दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, कपड्यावर बसलेली धूळ थोडी असणार, धुतल्यावर आणखी कमी, धोका अगदी किरकोळ आहे. पण शून्य म्हणणार नाही. मास्तरनं पहिला भाग ताईला सांगितला. तिनं विचारलं, “आणि?” मग दुसराही सांगितला.

“सगळ्यांना सांगायला हवं,” ती म्हणाली.

“काय सांगणार? पोरींना काही झालेलं नाही. उगाच आभाळ कोसळल्यासारखे घाबरतील. आणि मला मैदानावर कुणी उभं करणार नाही.”

“तू काही सांगितलं नाहीस म्हणून मी अशी बसलेय. आता मला गप्प बसायला सांगू नकोस.”

ती एकटी गिऱ्हाइकांच्या घरी निघाली. मास्तर मागोमाग गेला, कारण तिला एकटीला जिने चढणं जमणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला आता प्राणवायू लावला होता; त्याचं पिशवीतलं छोटं नळकांडं त्यानं खांद्याला लावलं. प्रत्येक दारात ताई आधी श्वास गोळा करायची, मग सांगायची. काय घडलं, कपडे कधी शिवले, मुलीला खोकला आला तर कोणत्या तपासणीचं नाव घ्यायचं. भावाचं नाव ती लपवायचीही नाही आणि त्याच्यावर खापरही फोडायची नाही. “आमच्या घरात धूळ होती,” एवढंच म्हणायची. मास्तर दाराबाहेर जिन्यावर उभा राहून ऐकायचा.

एका बाईनं कपाटातून फ्रॉक काढून ताईच्या पायाशी फेकला आणि दार लावून घेतलं. ताईला वाकवेना; मास्तरनं तो उचलला. दुसऱ्या घरी जुळ्यांची आई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, “तुम्ही बसता का जरा? ओठ निळे पडलेत.” ताई बसली. त्या बाईनं नुसता तिचा हात धरून ठेवला. परतताना ताई म्हणाली, “हिच्याकडे पुन्हा येऊ. हिनं मला माणूस समजलं.” पण पुन्हा जाणं झालं नाही.

गॅलरी साफ करायला खास माणसं आली, पांढऱ्या पोशाखात, तोंडं बांधून. त्यांनी ग्राइंडर, अंगरखे, झाडू, सुपली सगळं जाड पिशव्यांत भरून नेलं. पुढच्या खोलीतला कापडाचा साठाही गेला. शिलाई मशीन पुसून ठेवलं, पण ताई पुन्हा त्याच्यापुढे बसली नाही. पाय चालवायचा तर दम लागायचा.

मास्तर स्वयंपाक करायला शिकला. पहिल्याप्रथम तिनं त्याच्या हातच्या जेवणावर टोमणे मारले, तेव्हा त्याला वाटलं, आता सगळं मार्गावर येईल. एकदा तो म्हणाला, “ताई, मला माफ केलंस का?” ती म्हणाली, “भात करपतोय, बघ.” तो चुलीकडे गेला. भात करपत नव्हता. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, तिनंही नाही. नाकाला नळी लावून ती खिडकीशी बसायची, आणि तो काम करून आला की त्याला दिवसभरात कोण आलं, कोण गेलं ते सांगायची. हळूहळू वाक्यं लहान झाली. मग नुसती मान हलायला लागली. थंडी सुरू झाली त्या आठवड्यात तिला ताप आला आणि ती रुग्णालयात गेली. तिथे एका दुपारी, मास्तर खाली औषध आणायला गेला असताना, ती गेली. वर आल्यावर परिचारिकेनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, तेव्हा त्याला कळलं.

काही दिवसांनी प्रशिक्षक भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर. फार वाईट झालं, म्हणाले. माझ्या मनाला लागून राहिलंय, म्हणाले. जरा वेळानं घसा खाकरून त्यांनी विचारलं, “मास्तर, माझ्या दोन काठ्या तुझ्याकडे राहिल्या होत्या. तांबड्या.”

“नाहीत. पिशवीत बंद करून देऊन टाकल्या.”

“देऊन टाकल्या? अरे, त्या पुन्हा मिळणार नाहीत.”

“मिळू नयेत.”

प्रशिक्षकांचा चेहरा पडला, मग ताठ झाला. “मी तुला सांगितलं होतं. मुखवटाही दिला होता. माझ्यावर राग काढू नकोस.”

“सांगितलं होतंत,” मास्तर म्हणाला. “राग नाही. पण उरलेल्या आता कुणाकडे देता?”

प्रशिक्षकांनी एका माणसाचं नाव सांगितलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला घरीच घासणारा. “तो समजूतदार आहे,” असंही म्हणाले आणि निघून गेले.

मास्तर दुसऱ्याच दिवशी तिथे गेला. घराच्या मागे एक पत्र्याची खोली होती. आत एक तरणा माणूस काठीचं डोकं बादलीत बुडवत होता. वाफ उठली. डोकं तांबडं होतं. भिंतीला मुखवटा टांगलेला होता, अगदी तसाच, गोल डब्यांचा.

मास्तरनं आपण कोण ते सांगितलं. मग ताईचं सांगितलं. आजवर त्यानं कुणालाच सगळं सांगितलं नव्हतं. आता सांगताना त्यानं काही गाळलं नाही. मला आधी कळलं होतं. मी मुखवटा लावत होतो. ती झाडायची आणि मी तिला झाडू दिलं. तपासणीत मला काही निघालं नाही.

तो माणूस मान खाली घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं हात पुसले.

“काका, वाईट झालं. पण मी काळजी घेतो. पंखा लावलाय बघा, धूळ बाहेर जाते.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

त्यानं पंख्याच्या दिशेनं पाहिलं. पंख्याचं तोंड अंगणात उघडत होतं. अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या.

“आणि इथे झाडतं कोण?” मास्तरनं विचारलं.

माणूस उत्तर द्यायच्या आतच घरातून एका बाईनं हाक मारली, जेवायला ये म्हणून. त्यानं “आलोच,” म्हणून ओरडून सांगितलं, आणि मास्तरकडे वळून कसंनुसं हसला. मास्तर हसला नाही. तो दारातून हलला नाही. बाई स्वतःच बाहेर आली, ओल्या हातांनी, कोण आलंय ते बघायला. मास्तरनं तिला थांबवलं आणि म्हणाला, “वहिनी, जरा बसा. तुम्हाला एक सांगायचंय.”

नवरा मध्ये पडला, “काका, नको, मी सांगेन तिला.”

“तू सांगणार नाहीस,” मास्तर म्हणाला. “मीही सांगितलं नव्हतं.” आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.