युफोनियमची तुटलेली ओळ

मित्रांनो, लंडनच्या हाउन्सलो भागातल्या एका घरात, जिन्याखालच्या कपाटात मी पडून आहे. मी एक जुना युफोनियम, मुलासारखा मांडीवर घेऊन फुंकायचा पितळी कर्णा.

लंडनच्या कारखान्यात मला ठोकून, वाकवून घडवले. बागांमधल्या बँडमध्ये मी वाजलो. "काय गोड गळा आहे!" म्हणत लोक थांबत. पुढे पोचे पडले आणि मी चर्चच्या हॉलमध्ये धूळ खात राहिलो. तिथून मला उचलले डॉक्टर चंद्रशेखर यांनी. इस्पितळातून निवृत्त झालेला, कीर्तनात रमणारा देवमाणूस! ते मला वस्तीतल्या हौशी बँडमध्ये वाजवू लागले. त्यांची लेक मंजिरी त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी.

ब्राझीलच्या कोळ्यांच्या गाण्यावरून तिथल्या एका संगीतकाराने व्हायोलिन-चेलोसाठी रचना केली होती. डॉक्टर ती बँडसाठी बसवू लागले. गजाने वाजणाऱ्या चेलोची सुरांची लांबलचक ओळ त्यांनी जशीच्या तशी मला दिली. फुंकू लागले आणि मध्येच धाप लागून काळेनिळे पडले. त्यांची फुप्फुसे सुकत चालली होती.

"बाबा, चेलो ब्रीद नाही करत! तुम्हाला श्वास लागतो. डॉक्टर ना तुम्ही?"

"दुसऱ्यांच्या छात्या तपासल्या गं," ते खोकत हसले. "कीर्तनात बुवा दम घेतात तेव्हा काय होतं?"

"मागचे लोक गातात."

"झील ओढतात. ओळ खाली पडू देत नाहीत. तू माझी झील ओढ. एकदा लोकांसमोर वाजवू दे, मग देव नेवो."

त्यांनी सारे पुन्हा लिहिले. जिथे त्यांचा दम संपे, तिथून क्लॅरिनेटने ओळ उचलायची. दर तालमीला माझा वाटा आखडत गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी डॉक्टरांनी मला तोंडाला लावले. ओळ सुरू झाली, आणि ठरल्या जागेच्या आधीच श्वास संपला. त्यांनी मंजिरीकडे पाहिले. तिने क्लॅरिनेट ओठांना लावले, पण तिला हुंदका फुटला. सूर निघालाच नाही. डॉक्टरांनी मला हळूच मांडीवर आडवे केले.

"असू दे, बाळा," एवढेच म्हणाले.

ऑक्टोबरात ते गेले. मंजिरीने मला पेटीत घातले आणि कपाट लावून घेतले. आता सूर बदलायच्या माझ्या झडपा गंजून घट्ट झाल्या आहेत.

मित्रांनो, मला पुन्हा लखलखीत करा, असे मागणे नाही. पण तुमच्या माणसाचा दम तुटला, तर रडणे क्षणभर मागे ठेवा. आधी त्याची ओळ उचला. आणि मंजिरी, पोरी, दार उघड. झडपांना तेल घाल. बाबांनी तुझ्यासाठी लिहिलेले सूर लोकांसमोर अजून कोणी वाजवलेले नाहीत.