चाचणीपुरतं वाक्य

जाईबाईंचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं. घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. ऑपरेशनला महिनाभर अवकाश होता. नागपूरला वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षानुवर्षं वंदना सांगणारी ही बाई. अमेरिकेत, अर्विंगला मुलाच्या घरी सोफ्यावर बसून तिने ते ऐकलं, "हं" म्हणाली आणि चहा मागितला.

तिच्या मुलाला, धम्मदीपला, मात्र राहवेना. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, दुःख झालं की लॅपटॉप उघडणारा. त्याने ठरवलं, आईसाठी एक प्रोग्राम लिहायचा. पडद्यावर मोठी बटणं, दाबलं की तिच्याच आवाजात शब्द. लॅपटॉप ती पुढे नागपूरला नेणार. तिथे नेट असो वा नसो, तो चालला पाहिजे. म्हणजे आवाज साठवायला लॅपटॉपमध्येच राहणारा एक छोटासा डेटाबेस हवा.

"एसक्यूलाइट घे ना यार," ऑफिसातला विवेक म्हणाला. "एकच फाइल असते. कॉपी केली की झालं."

इतकं सोपं उत्तर इंजिनिअरला पटलं तर मग काय! मध्येच वीज गेली तर फाइल बिघडेल का? दहा वर्षांनी उघडेल का? धम्मदीपने एकेक डेटाबेस लावून पाहायला घेतला. चाचणीला आवाज हवा, म्हणून आईला माइकसमोर बसवलं.

"काय बोलू?"

"काहीही बोल. टेस्टिंगपुरतंच आहे."

जाईबाई माइककडे वाकल्या. "धम्मा, झालं का रे तुझं? ये ना आता जेवाले."

तेच वाक्य त्याने प्रत्येक डेटाबेसात हजारो वेळा भरलं, काढलं, पुसलं. कोण किती वेगाने देतो, ते मोजत बसला.

"अरे, निदान फोनवर रेकॉर्ड करून ठेव," त्याची बायको अपर्णा म्हणाली. "बाकीचं नंतर बघ."

"तिला बोलताना दुखतं, अपर्णा. दोन-दोनदा नाही बोलायला लावणार. एकदाच करू, पण नीट."

हे तो मायेपोटीच म्हणत होता, म्हणून तर अपर्णाने आग्रह सोडला. जाईबाई मात्र रोज विचारत, "आज बसू का? आधी वंदना भरू. पाणी दे, औषध दे, ते मागून."

"थांब आई, डेटाबेस फायनल होऊ दे."

नमनालाच घडाभर तेल जळत होतं. शेवटी एका शनिवारी सकाळी ठरलं. एसक्यूलाइटच. उद्या रेकॉर्डिंग करू म्हणाला.

त्याच दुपारी जाईबाईंना श्वास घेता येईना. अॅम्ब्युलन्स आली. गाठीने श्वासाची वाट अडवली होती. डॉक्टर आता थांबायला तयार नव्हते. गळ्याला छेद देऊन नळी बसवली, मागोमाग मोठं ऑपरेशन उरकलं. त्यानंतर जाईबाईंच्या तोंडून शब्द निघाला नाही, निघणारही नव्हता.

घरी आणल्यावर त्याने जुने व्हिडिओ धुंडाळले. त्यांत तिचा आवाज होता, पण कार्यक्रमांच्या गलक्यात बुडालेला. वंदना कुठेच नव्हती. अखेर लॅपटॉप त्याने आईसमोर ठेवला. पडद्यावर एकच बटण होतं.

"आई, एवढंच आहे गं," तो म्हणाला. "मी निवडतच बसलो." आणि आजाऱ्यासमोर रडू नये हे माहीत असूनही तो रडला.

जाईबाईंना राग आला. त्यांच्या तोंडावर तो स्पष्ट दिसला. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. अपर्णा टेबलावर ताटं मांडत होती. धम्मदीप खाली मान घालून जागचा हलला नाही.

मग जाईबाईंनी हात पुढे केला आणि बटण दाबलं.

"धम्मा, झालं का रे तुझं? ये ना आता जेवाले."

स्वयंपाकघराच्या दारात अपर्णा थबकली. धम्मदीपला उठवेना. जाईबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. तो उठून ताटावर बसला, पहिला घास तोंडात घातला, तेव्हाच त्यांनी बोट काढलं.