घमेल्यातला विस्तव

आमच्या वस्तीवर विजेचा खांब नाही. तो यावा असं मला वाटतं आणि येऊ नये असं शहाजीला, माझ्या नवऱ्याला, म्हणून तो आलेला नाही. सोलापुरातली वर्कशॉपची नोकरी सोडून तो आम्हाला मंगळवेढ्याकडच्या या काळ्या रानात घेऊन आला, तेव्हापासून दिवा, पंखा, मोबाइल सगळं छपरावरच्या सोलर पाट्यांवर. पाणी शेततळ्यातलं, भाजी दारातली. एरवी मलाही त्याचं कौतुक वाटतं. पण ऐन जानेवारीत आभाळ फाटलं, दोन-तीन दिवस ऊन म्हणून दिसलं नाही, तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

त्या दिवशी बॅटरी बसलेली, मोबाइल बंद. काळ्या चिखलात मोटारसायकल दहा पावलं जाईना. सहा वर्षांच्या संघप्रियाला सर्दी झालेली, म्हणून तिला दारात पाऊल टाकू द्यायचं नाही असा माझा हुकूम होता. शहाजीने खोलीची खिडकी पोतं आणि प्लास्टिक कोंबून बुजवली. "आता मुंगीबी आत यायची न्हाय," असं वर ऐकवलं. टोमॅटोच्या रोपांचे ट्रेसुद्धा गारठू नयेत म्हणून आतच आणून ठेवले होते. माणसांना पाय पसरायला जागा नाही, रोपं मात्र ऐटीत.

"मला हुरडा पायजे," पोरीने सकाळपासून धोशा लावला होता.

हुरडा रानात भाजायचा असतो. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, आणि भोवती आपण. पण बापाला लेकीचं मन मोडवेना. त्याने गोठ्याच्या पडवीत गोवऱ्या पेटवल्या, धूर सरल्यावर लालभडक विस्तव घमेल्यात भरला आणि खोलीत आणून ठेवला.

"धूर न्हाय, काय न्हाय. बग की कसा निखारा हाय," तो म्हणाला.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गरम कणसं तळहातावर चोळून दाणे काढले आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत नातीला भरवले. मी रागात होते, एक दाणाही तोंडात टाकला नाही. हुरडा संपला तरी ऊब सोडवेना, म्हणून आत्यांनी घमेल्यात बाभळीचे कोळसे घातले.

तेवढ्यात बाहेर पाहिलं तर मेथीच्या वाफ्यात पाणी तुंबलेलं. शहाजी शेततळ्याचा बांध बघायला पळाला आणि मी कुदळ घेऊन वाफ्यांकडे निघाले.

"दार वडून घे गं सुकन्या, पोरीला गार लागंल," आत्या म्हणाल्या. मी दार घट्ट ओढून घेतलं.

वाफ्यांचे बांध फोडून पाणी चारीला लावलं. हुरडा सुरू झाल्यापासून माझं डोकं ठणकत होतं, त्याचा दोष मी नवऱ्याला दिला होता. पावसात काम करताना ते उतरलं. मेथी वाचली. बऱ्याच वेळाने मी परत आले.

खोलीत सगळं शांत होतं. आत्या भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेल्या. संघप्रिया गोधडीवर, आणि गोधडीवर ओकारी. मी हाक मारली, ती उठली नाही. उचलली तर मान लुळी पडली.

हुरडा! माझ्या डोक्यात एकच विचार आला. कोवळी ज्वारी गुरांना बाधते. शेजारच्या रुद्रप्पाची गाय अशीच गेलेली, उभी उभी पडली आणि संपली. मी पोर छातीशी धरली आणि अनवाणी बाहेर धावले.

"अवं! पोरीला बगा! अवं!" मी ओरडत होते, पण पावसात आवाज कुठवर जाणार? अंगणातल्या कडुलिंबाखाली मी घसरून गुडघ्यावर पडले. तिची नाडी लागते की नाही तेही कळेना.

तिच्या तोंडावर पाऊस पडत होता. तिने श्वास घेतला, खोकली, डोळे उघडले.

"आई, गार लागतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिचे मुके घेतले. ओकारीतून हुरडा पडला, वाचली, असं वाटलं. मग दिसलं, पोर ओलीचिंब, सर्दीची पोर! मी तिला उचलून तशीच आत नेली, दार लावलं आणि झोपलेल्या आत्यांशेजारी घमेल्याजवळ बसून तिचे तळपाय चोळू लागले. ती आधी कुरकुरत होती. मग जीभ जड झाल्यासारखी बोलू लागली. मग गप्प झाली.

माझे कान गुणगुणत होते. उठायला गेले तर पायात जीव नव्हता. मला काय होतंय? मी तर हुरड्याचा दाणाही खाल्ला नव्हता.

बाहेर बोलत होती. आत आणली आणि पुन्हा लुळी पडली. मी घमेल्याकडे पाहिलं. वर पांढरी राख, खाली लाल निखारे, धुराची एक रेघसुद्धा नाही.

मी दार कसं उघडलं ते मला आठवत नाही. उंबऱ्याबाहेर शहाजी धावत येत होता. पोर त्याच्या हातात टाकली.

"भायेरच ऱ्हावा! आत नका आणू तिला, विस्तवाचा गॅस कोंडलाय! आत्या आत हायत!"

श्वास रोखून मी पुन्हा आत शिरले. काखेत हात घालून आत्यांना ओढलं. म्हातारं माणूस इतकं जड कसं? उंबऱ्यात लुगडं अडकलं, मी ते टरकन फाडलं आणि त्यांना चिखलात आणून आडवं केलं. त्या हलल्या नाहीत. मघाशी त्या आतच होत्या, माझ्या शेजारी, आणि मी लेकीला घेऊन पळताना त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

शहाजीने कण्हणारी पोर माझ्याशेजारी ठेवली, घमेलं अंगणात भिरकावलं, खिडकीतलं पोतं उपसलं. "आये! ए आये!" तो लहान पोरासारखा रडत होता. मी आत्यांचे गाल चोळत राहिले. मेल्या असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मग त्यांच्या छातीत घरघर झाली. डोळे किलकिले झाले. 

"का उठिवलंस गं?" त्या पुटपुटल्या. "लई ग्वाड झोप लागली हुती."

मी हंबरडा फोडला. घुसमट नाही, धडपड नाही, आणि त्यांना ते मरण गोड वाटत होतं. माझ्या लेकीलाही गोडच वाटलं असणार.

दोघींना दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर आणायचा म्हणून शहाजी रुद्रप्पाच्या वस्तीकडे पळाला. मी लिंबाखाली एका मांडीवर लेक, एका मांडीवर सासू घेऊन बसले. दोघी कुडकुडत होत्या.

"आई, आत चल की," संघप्रिया म्हणाली.

दार सताड उघडं होतं, खिडकीतून वारा आरपार वाहत होता. आत कोरडी गोधडी होती. मला ते सगळं दिसत होतं, तरी मी तिला आणखी घट्ट धरलं आणि पावसातच बसून राहिले.