टाकी वर दिसली पाहिजे

राजूरकडून गावात येणारा रस्ता चिंचेपाशी वळतो. तिथून रखमाजी मिस्त्रीच्या घरामागची गोबरगॅसची टाकी दिसायची. काळी लोखंडी टाकी, शेणकाल्याच्या विहिरीवर उपडी घातलेली. आत गॅस साठला की ती हात-दीड हात वर यायची, गॅस जाळला की खाली बसायची. मिस्त्रीच्या घरात गॅस आहे की नाही, ते असं रस्त्यावरूनच कळायचं.

गेली पाच वर्षं ती टाकी कुणी खाली बसलेली पाहिली नव्हती. आणि त्याच पाच वर्षांत रखमाजीची बायको द्वारकाबाई चुलीपुढं खोकून खोकून गेली.

टाकी गावाला दिसत होती. चूल दिसत नव्हती. गावाला वाटायचं, बाई गॅसवर सैपाक करायची आणि दम्यानं गेली. धूर निघताना दिसला तर अंघोळीचं पाणी तापत असेल असं लोक समजायचे. द्वारकाबाईही तसंच सांगायची.

सुरुवातीला यात काही खोटं नव्हतं. जालना जिल्हा नवा झाला, त्याच्यानंतर चारेक वर्षांनी गोबरगॅसची योजना गावात आली. रखमाजी गवंडी. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि पहिली टाकी स्वतःच्याच परसात बांधली. तेव्हा दावणीला चार जनावरं होती. रोज चार पाट्या शेण, तेवढंच पाणी, कालवून आत सोडायचं. पहिल्या दिवशी शेगडी पेटली तेव्हा द्वारकाबाई फुंकणी हातात घेऊनच बसली होती. निळा जाळ पाहून म्हणाली, "आवं, ह्याला फुंकायचं कुठून?" आणि कितीतरी वेळ हसत राहिली. दोन वर्षं तिनं फुंकणीला हात लावला नाही.

मग सत्त्याऐंशी सालात चारा संपला. म्हशीला आणि एका बैलाला बाजार दाखवावा लागला. उरला एक बैल आणि एक गाय. बैल दिवसभर रानात, त्याचं शेण रानातच. घरी पाटीभर शेण मिळायचं. त्यात गॅस व्हायचा तो जेमतेम तासभराचा. तासभर म्हणजे संध्याकाळच्या भाकरी आणि एक कालवण. तेवढं तिला पुरलं असतं.

पण त्याच वेळी ग्रामसेवक तातेराव माणसं घेऊन यायला लागले. वर्षाला अमुक संयंत्रं झालीच पाहिजेत असं त्यांना वरून आलेलं असायचं. शेतकरी कागदाला भुलत नाही, डोळ्यांनी बघितल्याशिवाय फॉर्मवर अंगठा उठवत नाही. तातेराव कुणालाही, केव्हाही रखमाजीच्या परसात आणून उभं करायचे. "ही बघा टाकी. आता बोला." टाकी वर असली की माणूस तिथंच कबूल व्हायचा, आणि त्याची टाकी बांधायचं काम रखमाजीकडं यायचं. एकदा दोघे पाहुणे आले आणि टाकी खाली बसलेली होती. आदल्या संध्याकाळी द्वारकाबाईनं भाकरी केल्या होत्या. ते दोघे तसेच निघून गेले. तातेराव नुसतं म्हणाले, "मिस्त्री, टाकी वर दिसली पाहिजे."

त्या दिवशी रखमाजीनं शेगडीच्या कॉकची पितळी मूठ पान्यानं काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. पाहुणे आले की मूठ लावायची, चहा करायचा, पुन्हा काढून घ्यायची.

द्वारकाबाई भांडली नाही. एकदाच बोलली. थंडीचे दिवस होते, कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या होत्या, घरभर धूर कोंडला होता. ती ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "छाती भरून आल्यावानी होऊन राह्यलं. आजच्या रातीपुरती मूठ द्या की."

"बेस्तरवारी साहेब यायलेत. मंग घे," रखमाजी म्हणाला.

बेस्तरवारी साहेब आले नाहीत. पुढच्या बेस्तरवारीही आले नाहीत. पण ते कधीही येतील म्हणून मूठ खिशातच राहिली. टाकी भरली की जास्तीचा गॅस कडेनं बुडबुड करत निघून जातो. तो आवाज चुलीपाशी बसलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू यायचा. तिकडं गॅस हवेत जात होता आणि इकडं ती फुंकणीनं जाळ करत होती. रखमाजीला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं.

शेवटच्या वर्षी तिला जालन्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं छाती तपासली. विचारलं, "बिडी, तंबाखू?"

"न्हाई."

"सैपाक कशावर करता? चूल की स्टो?"

उत्तर द्वारकाबाईनं द्यायचं होतं. ती तोंड उघडायच्या आत रखमाजी म्हणाला, "आमच्या घरी गॅस हाय साहेब. गोबरगॅस. गावात पयला आमचा."

डॉक्टरनं मान हलवून काहीतरी लिहिलं. द्वारकाबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला.  घरी आल्यावर पऱ्हाट्या मोडायला बसली. दिवाळीच्या पुढच्या पंधरवड्यात ती गेली.

तिला जाऊन तीन महिने झाले होते, तेव्हा तातेराव पुन्हा आले.

"मिस्त्री, एकतीस मार्च तोंडावर आलाय. सहा टाक्या अजून व्हायच्यात. पहिली तुमच्या शेजारचीच, ख्वाजामियाँची. शुक्रवारी खड्डा धरा."

"त्यांच्याकडं एकच म्हैस हाय, तातेराव."

"फॉर्मवर चार जनावरं हायती."

"फॉर्मवर हायती. दावणीला कुठंयत?"

"तुमच्याकडं तरी किती हायती? दोन! तरी टाकी बारा महिने वर. अन् मला काय विचारून राह्यले?" तातेराव हसले आणि सायकलवर बसून गेले.

ख्वाजामियाँ एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला जायचे, आठवड्यातून एकदा घरी. घर, म्हैस आणि टाकीचा सगळा कारभार त्यांच्या बायकोकडं, मेहरुन्निसाकडं होता. दोन्ही घरांत एकच मातीची भिंत. रखमाजी सुतळी, खुंटी आणि चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन तिच्या अंगणात गेला तेव्हा तिनं आधीच जागा झाडून ठेवली होती.

"आव भाई, आव. इथंच ना? पलीकडची शिवकन्येची आई म्हणत होती, उकिरड्याजवळ घे. मी म्हटलं, बिलकुल न्हाई, बावर्चीखान्याजवळच पाहिजे."

रखमाजीनं खुंटी ठोकली. सुतळीला गाठ मारली. "भाभी, म्हैस एकच हाय तुमची."

"घेऊ की दुसरी. गॅस तर येऊ द्या आधी." ती उंबऱ्यावर बसली. "तुम्हाला सांगू का, मी पाच सालांपासून ह्यांच्या मागं लागल्ते. द्वारकाबाईनं मन लावून दिलं माझं. भिंतीवरून बोलायचो ना आम्ही. ती सांगायची, 'भाभी, फुंकायची गरज न्हाई, डोळ्यात पाणी न्हाई, भांडं काळं होत न्हाई. आमच्या ह्यांनी बांधलेलं हाय, हे कधी बंद पडायचं न्हाई.' मी म्हणायची, मंग तुला एवढा खोकला कसा गं? तर म्हणायची, जुना हाय, माहेराहून आणलाय."

रखमाजीच्या हातातली सुतळी सैल झाली.

आजवर त्याला वाटत होतं, ती गप्प राहिली. ती गप्प नव्हती. त्याचं खोटं ती त्याच्या मागं, त्याला न सांगता, शेजारी बसून सांभाळत होती. धुरात बसून सांगत होती की डोळ्यात पाणी नाही.

"काय झालं भाई?"

"काय न्हाई. फक्की उडाली डोळ्यात."

त्यानं वर्तुळ आखलं. हात सवयीनं फिरला, रेघ बरोबर गोल आली. घमेलं उचलून तो घरी आला आणि चुलीजवळ बसला. मागं टाकी बुडबुडत होती. तो तिथंच बसून राहिला, गाय हंबरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेराव एका बाईंना घेऊन आले. प्रभावती नाव, पंचविशीच्या असतील, खांद्याला शबनम पिशवी. बांधलेल्या टाक्यांचं पुढं काय झालं याची पाहणी करत त्या गावोगाव फिरत होत्या. मेहरुन्निसाही भिंतीला वळसा घालून आली. उद्या खड्डा धरायचा, त्याआधी बाईंना चार गोष्टी विचाराव्यात म्हणून.

"ही बघा मॅडम," तातेराव म्हणाले, "टाकी वर हाय का न्हाई? मिस्त्री, मॅडमला चहा टाका गॅसवर. पाच मिनिटांत होतो."

प्रभावतींनी टाकी पाहिली, वहीत लिहिलं. "रखमाजीभाऊ, तुम्ही बांधलेल्या चौदा टाक्या मी पाहिल्या. नऊ बंद आहेत. पण एकही माणूस तुम्हाला दोष देत नाही. सगळे म्हणतात, मिस्त्रीची टाकी तर वरच असते, आमच्याच शेणात काही खोट असंल. एका बाईनं तर मला विचारलं, गाईला कोणता चारा घातला म्हणजे गॅस येतो."

रखमाजीनं खिशातल्या मुठीवर हात ठेवला. मग हात तसाच बाहेर काढला आणि सगळ्यांना आत नेऊन तो चुलीपुढं बसला. पऱ्हाट्या मोडून घातल्या, गवरीचा तुकडा ठेवला, काडी ओढली, चहाचं आधण चढवलं आणि फुंकणी घेतली. धूर आधी छपराला लागला, मग खाली उतरला. प्रभावतींनी रुमाल नाकाला लावला. तातेराव खोकले.

"मिस्त्री, हे काय लावलंय? गॅस हाय ना!"

"गॅस हाय. पाच सालांपासून हाय, तस्साच हाय. वापरलाच न्हाई तर जाईल कुठं?"

"मॅडम, बायको गेल्यापासून ह्यांचं जरा..."

"बायको असताना मला अक्कल नव्हती, तातेराव. आत्ता बोलू द्या." रखमाजी चुलीकडंच बघून बोलत होता. "लिहा बाई. दोन जनावरं, पाटीभर शेण, तासाभराचा गॅस. तो तास मी तिला दिला न्हाई. टाकी वर दिसली पाहिजे म्हणून ही मूठ काढून खिशात ठेवली. ती ह्याच चुलीवर भाकरी थापत मेली. डॉक्टरनं विचारलं तर मी म्हणलो, आमच्याकडं गॅस हाय. त्याच्या औषधाचा गुण आला नसता, असंही असंल. पण मी त्याला खरं सांगितलं न्हाई."

मूठ त्यानं जमिनीवर ठेवली. चहा उकळून वर आला आणि जाळावर सांडला, तरी कुणी उठलं नाही.

पहिली मेहरुन्निसा बोलली. आवाज बारीक होता.

"आणि उद्या माझ्या घरी खड्डा धरणार होते तुम्ही? एका म्हशीवर?"

"हां भाभी."

"मला पण तसंच फसवलं असतं."

"फसवलं असतं."

"ती माझ्याशी झूट बोलली, ते तुमच्यासाठी. तुम्ही कुणासाठी बोलले?" उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

तातेरावांनी चहा घेतला नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "तुम्ही मन मोकळं केलं, मिस्त्री. माझ्या सहा टाक्यांचं काय?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वर कुणाला तरी काहीतरी दाखवायचं होतं.

प्रभावती मात्र बसून राहिल्या. धुरानं डोळे लाल झालेले, तरी विचारत राहिल्या. पाणी किती लागतं, थंडीत गॅस किती कमी होतो, शेण गॅसला घातलं तर गवऱ्या कशाच्या करायच्या. रखमाजीला हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "दोन घरांत मिळून एक टाकी केली तर चालंल, बाई. माझी दोन, भाभीची म्हैस. एका घराचा सैपाक आरामात व्हतो."

"फॉर्मात तसा रकानाच नाही. एक संयंत्र, एक लाभार्थी."

"मंग समासात लिहा."

त्यांनी समासात लिहिलं. पुढं त्याचं काय झालं, ते गावाला कधी कळलं नाही.

शुक्रवारी रखमाजीनं खड्डा धरला नाही. राजूरच्या दुकानातून पंधरा फूट पाइप आणला आणि मधल्या भिंतीला भोक पाडायला बसला. पलीकडून मेहरुन्निसा आली. कमरेवर हात देऊन बघत राहिली.

"कोणाला विचारून भिंत फोडून राह्यले?"

"विचारतो, भाभी. म्हशीचं शेण इकडं टाकत जा. गॅस अन् माझी शेगडी तुमच्या घरी. माझं काय, एकट्याचं, चूल पुरते."

तिनं भिंतीतून पडलेली माती पायानं बाजूला सारली. मग म्हणाली, "चुलीवर बसून पाप फिटत न्हाई, भाई."

"फिटत न्हाई. ठाऊक हाय."

"शेण सकाळचं देईन. संध्याकाळचं मला सारवायला लागतं." एवढं बोलून ती आत गेली.

आपली शेगडी तिच्या चुलीशेजारी ठेवून त्यानं पाइप जोडला. रखमाजीनं शेगडीच्या कॉकला पितळी मूठ बसवली, पान्यानं आवळली आणि पाना तिच्याच कोनाड्यात ठेवून दिला. घरी आला तेव्हा त्याचा हात उगीच खिशाकडं गेला.

त्या संध्याकाळी तो परसात जाऊन उभा राहिला. भिंतीपलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. टाकी हळूहळू खाली बसत होती. विहिरीच्या काठाला टेकायला चार बोटं उरली. बुडबुडे थांबले होते.

रस्त्यानं कचरू गाडी हाकत चालला होता. चिंचेपाशी त्यानं बैल थांबवले आणि ओरडला, "ओ मिस्त्री! टाकी खाली बसली की तुमची! बंद पडली का काय?"

"न्हाई रे," रखमाजी म्हणाला. "कोणतरी सैपाक करून राह्यलंय."